शिंकेचा खाडा

मास्तर म्हटलं की लोकांना आधी शाळा आठवते. या मास्तरांचा शाळेशी संबंध एवढाच, की हजारो पोरं त्यांनी कापलेल्या विजारी घालून शाळेत जायची आणि गुडघ्यावर फाडून घरी परतायची. ते कटिंग मास्तर होते. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात एका लांबलचक टेबलाशी उभं राहायचं, एकावर एक अंथरलेल्या कापडाच्या जाड थरावर खडूने आखायचं आणि विजेच्या कात्रीने कापायचं, हे त्यांचं काम. मशीनवरच्या बाईची शिवण चुकली तर एक विजार उसवावी लागते. मास्तरांचा हात चुकला तर अख्ख्या वर्गाच्या विजारी बाद. म्हणून कारखान्यात एकमेकांना काहीही हाका मारणारी माणसं मास्तरांना मात्र न चुकता अहोजाहो करायची.

अशा माणसाच्या दोन्ही किडन्या ऐन उमेदीत निकामी झाल्या. का झाल्या, ते डॉक्टरांनी दोनदा समजावून सांगितलं आणि मास्तरांनी दोन्ही वेळा मान डोलावली. काही महिने दिवसाआड यंत्राला जोडून घेऊन रक्त धुवावं लागलं. मग थोरल्या बहिणीची, म्हणजे आक्काची, किडनी जुळली. आक्का एका मोठ्या लॉन्ड्रीत हॉटेलच्या चादरी धुवायला होती. "दोन-दोन घेऊन मी काय करू? दुसरीचं काही भाडं येत नाही मला," असं म्हणाली आणि सही करून मोकळी झाली. ऑपरेशन पार पडलं. त्यानंतर आक्काचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "काय रे बारक्या, माझं सामान नीट वापरतोयस ना?"

लोकांना वाटतं, ऑपरेशन म्हणजे खर्च. खरं तर ऑपरेशनला माणसं धावून येतात. नातेवाईक येतात, शेजारी येतात, कधी तोंड न दाखवलेला चुलतभाऊसुद्धा पाकीट ठेवून जातो. पण ऑपरेशनवरून माणूस घरी आला, की सगळ्यांच्या लेखी तो बरा झालेला असतो. त्यानंतर सुरू होतात त्या गोळ्या, आणि त्या जन्मभराच्या. दुसऱ्याची किडनी शरीराला ओळखीची नसते. ते तिला परकी समजून हाकलायला बघतं. म्हणून शरीराच्या रखवालदाराला रोज गोळ्या देऊन पेंगुळलेला ठेवावा लागतो. या रखवालदाराची झोप भयंकर महाग. मास्तरांची बायको म्हणायची, घरात एक नवं माणूस राहायला आलंय, ते ताटावर बसत नाही, पण सगळ्यांत जास्त तेच खातं.

आणि रखवालदार पेंगत असला की दारातून कोणीही आत शिरतं. तुम्हाआम्हाला दोन दिवस नाक गळवणारी सर्दी मास्तरांच्या छातीत उतरायची आणि थेट हॉस्पिटलात नेऊन टाकायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, शिंकणाऱ्या-खोकणाऱ्या माणसाच्या जवळपास फिरकायचं नाही. मास्तरांची बायको पाळणाघरात कामाला होती. बारकी पोरं म्हणजे बारा महिने शेंबूड. तिने पदराआड डोळे पुसले आणि ते काम सोडलं. दोन पगारांचं घर एका पगारावर आलं, तेही खर्च वाढला तेव्हाच. तोंडावर पट्टी बांधून मास्तर कामावर परतले तेव्हा त्यांना स्वतःची काळजी कमी आणि त्या एका पगाराची जास्त होती.

परतल्यावर पहिले काही महिने फार वाईट गेले. कारखान्याची खोली एकच, खिडक्या उंच, पंखे गरगरत असलेले. एकाला सर्दी झाली की आठवड्यात ती सगळ्या मशीनींवरून फिरून कटिंगच्या टेबलापाशी यायची. बाकीच्यांची नाकं लाल व्हायची, मास्तर भरती व्हायचे. भरती झाले की हॉस्पिटलचं बिल, आणि त्याच दिवसांचे खाडे. खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार नाही, हे सांगायला नकोच. कात्रीला दोन पाती असावीत तसं हे दोन्ही बाजूंनी कापत होतं, आणि मधे मास्तर होते.

शेवटी मालकिणीने त्यांना आत बोलावलं. ही बाई हिशेबाला पक्की, पण मनाने वाईट नव्हती. ऑपरेशनच्या वेळी तिने न मागता बरेच दिवस अर्धा पगार घरी पोचवला होता. ती स्वतःच थकलेली दिसत होती.

"मास्तर, मी धर्मशाळा चालवत नाही, तसा कसाईखानाही चालवत नाही," ती म्हणाली. "ऑपरेशनची रजा दिली, ती दिली. पण आता दर महिन्याला तुम्ही आठवडाभर हॉस्पिटलात. शाळा काही तुमच्या सर्दीसाठी थांबत नाहीत. बदली मास्तर कायमची नोकरी मागतोय. त्याची कात्री तुमच्यासारखी नाही, पण तो रोज येतो. यापुढे तुमचा एक खाडा झाला, की मी त्याला हो म्हणणार. मला वाईट वाटेल, पण म्हणणार."

"मॅडम, सकाळी लवकर येऊन एकट्यानेच कापलं तर?"

"आणि थर कोण लावणार? टेबलाच्या त्या टोकाला कापड धरायला माणूस नको?"

ते खरंच होतं. कापडाचा ताका उलगडून अंथरायचा तर समोर माणूस लागतोच. मास्तरांच्या समोर वर्षानुवर्षं इस्त्रीदादा उभे राहायचे. इस्त्री तापेपर्यंत ते थराला हात लावायचे आणि तेवढ्या वेळात जगातल्या सगळ्या गोष्टींवर मत देऊन टाकायचे. मास्तर बाहेर आले. बाहेर मशीनींचा आवाज बंद होता. सगळे जण कामात असल्याचं नाटक करत होते, म्हणजे सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं.

आणि काय नवल! त्या दिवसापासून कारखान्यात कुणाला सर्दी होईना. थंडी पडली, बाहेर रस्ताभर माणसं खोकत होती, पण कारखान्यात सगळे ठणठणीत. नाही म्हणायला अधूनमधून एखादा गैरहजर असायचा. कुणाच्या घरचा नळ फुटायचा, कुणाकडे पाहुणे यायचे. इस्त्रीदादांच्या सासूबाई तर त्या थंडीत वारंवार अत्यवस्थ व्हायच्या आणि दोन दिवसांनी सावरायच्या. एवढी चिवट म्हातारी मास्तरांनी कधी ऐकली नव्हती. सगळ्या थंडीत मास्तरांचा एकही खाडा झाला नाही. हॉस्पिटलचं तोंड बघितलं ते फक्त तपासणीपुरतं. घरात बऱ्याच महिन्यांनी कुणी कुणावर न ओरडता जेवण व्हायला लागलं. मास्तरांना वाटलं, आक्काचं सामान आता अंगी लागलं. तिला फोन करून तसं सांगितलंसुद्धा, आणि आक्काने जणू स्वतः शिवलेलं असावं अशा थाटात "लागणारच" म्हणून सांगितलं.

थंडी सरत आली होती, तेव्हा इस्त्रीदादांच्या सासूबाई पुन्हा अत्यवस्थ झाल्या. मास्तरांना राहवलं नाही. आपल्या आजारपणात या माणसाने किती धावपळ केली, आणि आपण एकदाही म्हाताऱ्या बाईची विचारपूस करायला गेलो नाही, याची त्यांना लाज वाटली. सुट्टी झाल्यावर संत्री घेऊन ते दादांच्या घरी गेले. जिने चढून दम खात दार वाजवलं.

दार दादांच्या बायकोने उघडलं. आत पलंगावर इस्त्रीदादा रुमालात नाक खुपसून बसले होते. मास्तरांना बघताच ते असे उठले की पलंगावरचा पाण्याचा तांब्या खाली आला. धावत आतल्या खोलीत गेले आणि धाडकन दार लावून घेतलं.

"जवळ येऊ नका मास्तर! तिथेच थांबा! अगं, त्यांना बाहेर काढ आधी!" आतून आवाज आला, आणि पाठोपाठ एक जंगी शिंक.

मास्तर उंबऱ्यात संत्री घेऊन उभे. "वहिनी, तुमच्या आईंची तब्येत..."

"माझ्या आईला जाऊन दहा वर्षं झाली," वहिनी म्हणाल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं. "बरं झालं तुम्ही आलात. मला नाही पटत हे असलं. यांना साधी सर्दी झालीय. पण तुमच्या कारखान्यात आता सर्दीला रजा आहे ना! बिनपगारी."

"गप बस गं!" दाराआडून आवाज आला.

"का गप बसू? त्यांना कळायला नको?" मग वहिनींनी दारात उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मालकिणीचं ते बोलणं झालं त्याच दिवशी कारखान्यातल्या माणसांनी आपसात ठरवलं होतं, नाकातून पाणी आलं की घरी बसायचं. मास्तरांचा खाडा होऊ द्यायचा नाही, तो सगळ्यांनी थोडा थोडा वाटून घ्यायचा. आणि मास्तरांना पत्ता लागू द्यायचा नाही. रोजावरच्या माणसाचा त्या दिवसाचा रोज बुडतो, तुकड्यावरच्या बाईचे त्या दिवसाचे तुकडे बुडतात, हजेरीचा बोनस बुडतो तो वेगळाच. "यांचं एक वेळ ठीक आहे," वहिनी म्हणाल्या, "यांची तुमची जुनी सोबत. पण ती ओव्हरलॉकवरची नवी पोरगी? तिला सर्दीसुद्धा नसते. नव्या कापडाला खळ असते ना, त्याने शिंका येतात तिला. पण शिंकली की हाकलली घरी."

"तिचं काय जातंय? बसायला मिळतं!" दादा आतून ओरडले.

"रोज जातो तिचा!" वहिनी त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडल्या.

मास्तरांनी संत्री उंबऱ्यावर ठेवली. एवढं प्रेम आपल्यावर कुणी करावं, याचा आनंद व्हायला हवा होता. त्यांना तो झाला नाही. त्यांना फार थकल्यासारखं झालं, आणि जिना उतरताना त्यांनी कठडा सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी डबे उघडायच्या वेळी मास्तर मधोमध उभे राहिले. "हे बंद करा," ते म्हणाले. "माझा खाडा मी बघीन. तुमची मजुरी माझ्यासाठी बुडवायची नाही."

सगळ्यांनी काजताईंकडे बघितलं. काजताई म्हणजे काजं करायच्या आणि बटणं लावायच्या मशीनवरची बाई. जीभ सुईसारखी, आणि कारखान्यातली कुठलीही भानगड त्यांच्या काजातून ओवल्याशिवाय पुढे जायची नाही. ही सगळी योजना कुणाच्या डोक्यातून निघाली, ते वेगळं सांगायची गरज नव्हती.

"मास्तर, एक विचारू?" त्यांनी घास खाली ठेवला. "बहिणीची किडनी घेतलीत. ती चालली ना? मग आमची एका दिवसाची मजुरी का चालत नाही? आम्ही परके म्हणून?"

मास्तरांना तोंडात मारल्यासारखं झालं. नको म्हणावं तर माणसं दुखावतात, हो म्हणावं तर रोज सकाळी कुणाची तरी रिकामी खुर्ची बघायची. ते जाऊन आपल्या टेबलाशी बसले. डब्यातला भात त्यांनी तसाच ठेवला.

डबे मिटून मशीनी सुरू झाल्या, तेव्हा त्यांची नजर नवीकडे गेली. ओव्हरलॉकवरची, म्हणजे कापडाच्या कडा गुंफायच्या मशीनवरची, ही पोरगी येऊन वर्ष व्हायचं होतं. अजून तिला हाक मारायचं धड नाव पडलं नव्हतं, म्हणून सगळे नवीच म्हणायचे. कापडाच्या कडा मशीनखालून सरकवता सरकवता तिने एकदम नाक चिमटीत धरलं. डोळ्यांत पाणी आलं, मान हलली, पण शिंक तिने गिळली. मास्तर उठून तिच्यापासून जरा अंतर राखून उभे राहिले.

"तुला खरंच सर्दी होते का गं?"

"नाही मास्तर. नवा ताका फोडला की होतं असं. खळीचा भुगा उडतो ना."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं. ताई म्हणाल्या, खात्री काय?" तिने आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "मी नवी आहे. सगळे जातात, मग मी नाही कसं म्हणू?"

सुट्टीच्या दिवशी मास्तर आक्काकडे गेले. आक्काची खोली लहान, पण चादर अशी ताणलेली की तिच्यावर बसायला संकोच वाटावा. मास्तर बसले आणि सगळं सांगत सुटले. लोकांनी फसवलं म्हणाले, उपकाराचं ओझं केलं म्हणाले, काजताईंनी काय विचारलं तेही सांगितलं. आक्काने चहा गाळला. तिने मधे तोंड घातलं नाही, आणि आक्काच्या बाबतीत ही काळजी करण्यासारखी गोष्ट होती.

"ताईंना मी काय उत्तर द्यायचं होतं?" मास्तरांनी विचारलं.

"मला विचारलं होतं," आक्का म्हणाली.

"म्हणजे?"

"ऑपरेशनच्या आधी. डॉक्टरांनी तुला बाहेर काढलं, तुझ्या बायकोला बाहेर काढलं, मला एकटीला खुर्चीत बसवलं आणि विचारलं, बाई, कुणाची जबरदस्ती आहे का? भीड पडलीय का? नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा, आम्ही भावाला सांगू की किडनी जुळत नाही. तुमच्यावर बोल येणार नाही. दोनतीनदा विचारलं मेल्यांनी. मी म्हटलं, द्यायची म्हणजे द्यायची. ते उत्तर माझं होतं." तिने कप पुढे सरकवला. "तुझ्या त्या पोरीला कुणी एकटीला बसवून विचारलं का?"

मास्तरांनी कप उचलला. मग त्यांच्या मनात भलतंच काहीतरी आलं. "आक्का, तू लॉन्ड्री का सोडलीस?"

"कंटाळा आला म्हणून. सांगितलं होतं ना."

"खरं सांग."

आक्काने बराच वेळ पदराने ओटा पुसला. ओटा स्वच्छच होता. "सोडली नाही. ओल्या चादरींच्या टोपल्या उचलता येईनात लवकर. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस थांबा. लॉन्ड्रीवाले थांबले नाहीत. दुसरी बाई घेतली." मग लगेच हात उडवून म्हणाली, "कंटाळा तर आलाच होता मला. ते काही खोटं नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय केलं असतंस? परत शिवून दिली असतीस का?"

मास्तर रडले. चाळिशी उलटलेला माणूस बहिणीच्या ताणलेल्या चादरीवर बसून हमसून हमसून रडला, आणि आक्का त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. आपल्या एका जिवापायी किती जणांची कामं बुडाली, हे त्यांनी एवढ्या दिवसांत एकदाही मोजलं नव्हतं. बायकोचं काम गेलं ते डोळ्यांदेखत गेलं होतं. आक्काचं गेलं ते त्यांनी विचारलंसुद्धा नाही, कारण आक्का हसत होती. जरा शांत झाल्यावर आक्का म्हणाली, "मी दिलं ते मी दिलं. त्याचं तू वाईट वाटून घ्यायचं नाही. पण न विचारता कुणाचं घ्यायचं नाही, एवढं बघ."

पुढच्या आठवड्यात कारखान्यात एकच घाई उडाली. मोठ्या शाळेची ऑर्डर संध्याकाळी जायची होती. निळ्या कापडाचे नवे कोरे ताके आले होते, खळीने कडक, हात लावला की सळसळणारे. मास्तर आणि इस्त्रीदादा दोन टोकांना उभे राहून थर लावत होते. दादांना आपल्या मेलेल्या सासूवरून सकाळपासून तीन वेळा टोमणे बसले होते, पण ते खुशीत होते. मास्तरांनी खडूने आखलं, वजनं ठेवली, कात्री हातात घेतली.

नवी शिंकली.

या वेळी तिला ती गिळता आली नाही. लागोपाठ आणखी दोन आल्या. एकेक करत मशीनी थांबल्या. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. काजताईंनी चष्म्यावरून फक्त बघितलं. नवी उठली. कुणी सांगायच्या आधीच तिने खुंटीवरची पिशवी काढली. चेहरा असा, की जणू तिनेच काहीतरी चोरलं होतं.

"बस," मास्तर म्हणाले.

"नको मास्तर, जाते मी."

"तू बस. जागा सोडायची नाही." त्यांनी कात्रीचं बटण बंद केलं, प्लग काढला. "मी जातो."

इस्त्रीदादा टेबलाला वळसा घालून आले. "अहो, डोकं ठिकाणावर आहे का? खळीची शिंक आहे ती! शेंबडं पोरसुद्धा सांगेल!"

"असेल खळीची."

"मग?"

"मग आजवर तिला कशाला घरी पाठवत होतात?"

काजताई उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा टोचरा नव्हता. "मास्तर, नका असं करू. मॅडम आत आहेत. आज ऑर्डर आहे. एवढे महिने कशासाठी केलं आम्ही हे?"

"तुम्ही केलंत, ताई, ते माझ्या लक्षात राहील. तुम्हाला 'नाही' म्हणता येत होतं, तरी तुम्ही केलंत. तिला 'नाही' म्हणता येत नव्हतं." मास्तरांना खरं म्हणजे भीती वाटत होती. ही शिंक नुसत्या खळीची असेल, तर आपण नोकरी उगाच फुंकून टाकतोय, हे त्यांना कळत होतं. आणि नसेल, तर इथे थांबून आक्काची किडनी पणाला लावतोय, हेही कळत होतं. खात्री कुणालाच नव्हती. पण खात्री नसल्याची किंमत कुणीतरी भरायचीच असेल, तर ती या पोरीने का भरावी, या प्रश्नाचं उत्तर त्यांना कितीही शोधून सापडत नव्हतं.

मशीनी थांबल्याचं बघून मालकीण दारात आली. मास्तर तोवर पिशवी खांद्याला लावून उभे होते.

"कुठे निघालात? आज माल जायचाय, मास्तर."

"बदली मास्तरांना बोलवा, मॅडम. विजारीचं आखून ठेवलंय. फक्त कापायचं राहिलंय. कोपऱ्याच्या वळणाला हात सावकाश घ्या म्हणावं, कापड नवं आहे, सरकतं."

मालकिणीने त्यांच्याकडे बघितलं, नवीकडे बघितलं. तिलाही काय झालं ते समजलं असावं. "मास्तर, मी काय म्हणाले होते ते माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे."

"मग मला शब्द फिरवायला लावू नका. ऑर्डर आहे, मला आत्ताच्या आत्ता फोन करावा लागेल त्याला."

"करा. त्यात तुमचं काही चुकत नाही."

ती आत गेली. आतून फोनवर बोलण्याचा आवाज आला. नवी मशीनपाशी उभीच होती, पिशवी छातीशी धरून. मास्तरांनी तिला हाताने खाली बसायची खूण केली. ती बसेपर्यंत ते दारातून हलले नाहीत. ती बसली, तिने पायाखालचं पेडल दाबलं, मग हळूहळू बाकीच्या मशीनीही सुरू झाल्या. इस्त्रीदादा तेवढे टेबलाच्या त्या टोकाला कापडाची कड धरून उभे राहिले होते.

भरदुपारी रस्त्यावर वर्दळ कमी होती. मास्तरांना पायी चालायची सवय नव्हती, पण ते चालतच निघाले. दोनदा थांबून भिंतीला टेकले. डोकं सुन्न झालं होतं, त्यामुळे फारसा विचारही येत नव्हता. कारखान्यात या वेळी पहिला गठ्ठा कापून व्हायला हवा होता, एवढंच मनात येत होतं.

बायकोने दार उघडलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. अवेळी घरी आलेला नवरा म्हणजे तिच्या लेखी एकच गोष्ट होती. तिने आधी त्यांच्या कपाळाला हात लावला, मग गळ्याला.

"ताप तर नाही. काय होतंय? हॉस्पिटलात निघायचं का? बॅग भरू?"

"मला काही झालेलं नाही," मास्तर म्हणाले. "नव्या पोरीला शिंक आली."

"सर्दी झालीय तिला?"

"नाही बहुतेक. कापडाची खळ असेल."

मालकिणीचं बोलणं बायकोला पाठ होतं. तिने त्यांच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि ती कुठे ठेवावी ते न सुचून हातातच धरून दारात उभी राहिली.

"आणि गोळ्या?" शेवटी तिने विचारलं.

"या महिन्याच्या आहेत," मास्तर म्हणाले.